देखाव्याची जमीन

गणपतीचा देखावा पाहायला आलेला माणूस आधी मूर्तीला हात जोडतो, मग दिवे पाहतो, मग तटबुरूज, मावळे आणि हलणारी चित्रे. हे सगळे ज्याच्यावर उभे असते तिकडे सहसा कोणाची नजर जात नाही. आपल्या मंडळातले जुने जाणते त्या भागाला ‘जमीन’ म्हणत. जमीन झाली का, असे विचारले की समजायचे, फळीवर डोंगराचा आकार चढला का. यंदाच्या लेखासाठी आम्ही हा न दिसणारा भाग निवडला, त्याला कारण आहे.

उत्सवाच्या तयारीच्या सभेत एक सूचना आली. देखावा करायला हात मिळत नाहीत, मुले शिकवण्या आणि परीक्षांत अडकलेली, तेव्हा पुढल्या वर्षापासून तयार देखावा भाड्याने आणावा. सूचना करणाऱ्यांचा त्रास खरा आहे. पण निर्णय घेण्याआधी ही जमीन आपण आजवर कशाकशाची केली आणि का केली, हे एकदा मांडून पाहावे असे आम्हाला वाटले. आम्ही शिक्षणाने स्थापत्याचे पदविकाधारक आणि नोकरीने राज्य शासनाच्या बांधकाम खात्यातले. त्यामुळे कुठलीही इमारत पाहिली की आधी पायाकडे बघायची खोड लागली आहे. हा लेख त्या खोडीतून आला आहे.

काळ्या मातीतला किल्ला

आपल्याकडच्या देखाव्याचे मूळ दिवाळीच्या किल्ल्यात आहे. होळकरांबरोबर अठराव्या शतकात आपली घराणी माळव्यात आली, स्थिरावली, आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी सह्याद्री डोळ्यांनी पाहिलाही नाही. तरी दिवाळीत अंगणात किल्ला झालाच पाहिजे. ज्या मुलाने रायगड पाहिला नाही त्याने तो आजोबांच्या सांगण्यावरून मातीत उभा करायचा, अशी ही रीत.

अडचण मातीचीच होती. माळव्याची काळी माती पिकाला सोन्यासारखी, पण बांधकामाला वैरीण. पाणी लागले की फुगते, वाळली की आक्रसते आणि बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. आमच्या खात्यात इमारतीचा पाया काळ्या मातीत कधी टेकवत नाहीत. ती काढून खाली मुरूम किंवा खडक लागेपर्यंत जावे लागते, नाहीतर भिंती तडकतात. नुसत्या काळ्या मातीचा किल्ला केला तर वसुबारसेला गुळगुळीत दिसणारा बुरूज भाऊबीजेपर्यंत फाटतो, तो याच कारणाने.

घरातल्या बायकांना हे ठाऊक होते, कारण भिंती लिंपायचे आणि जमीन सारवायचे काम त्यांचेच. त्यांनी मुलांना जो उपाय सांगितला तो आजही चुकीचा म्हणता येणार नाही. आत विटा आणि दगड रचून पोकळी ठेवायची, म्हणजे माती कमी लागते. त्यावर भिजवलेले गोणपाट अंथरायचे. मग चाळलेली काळी माती, तिच्यात मुरूम किंवा पिवळी माती, थोडे शेण आणि गव्हाचा भुसा कालवून पातळ थर द्यायचा. मुरूम आक्रसत नाही, भुशाचे धागे भेग धरून ठेवतात आणि शेणाने थर चिवट होतो. एक थर अर्धवट सुकल्यावर दुसरा. वर अळीव किंवा मोहरी पेरायची. गोणपाट ओल धरून ठेवते, म्हणून चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. सिमेंटमध्ये वाळू, खडी आणि सळई का घालतात याचे उत्तर आम्हाला पदविकेच्या वर्गात मिळाले, पण तत्त्व अंगणातल्या त्या कालवलेल्या मातीत होतेच.

आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. सह्याद्रीचे कडे त्याच खडकाचे आणि माळव्याचे पठारही त्याच खडकाचे. इंग्रज भूशास्त्रज्ञांनी त्याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हटले. ‘ट्रॅप’ हा शब्द उत्तर युरोपातल्या पायरी या अर्थाच्या शब्दावरून आला, कारण या डोंगरांची उतरण पायऱ्या-पायऱ्यांची असते. त्या खडकाची झीज होऊन आपली काळी माती बनली. म्हणजे इंदुरात अंगणातल्या मातीचा रायगड करणारे पोर नकळत त्याच खडकाची माती वापरत होते.

राजांची आणि सेनापतींची जमीन

जमिनीची प्रतिकृती करायचा उद्योग जगभर गांभीर्याने झाला आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा युद्धमंत्री लुव्वा याने 1668 पासून सरहद्दीवरच्या तटबंदीच्या शहरांच्या प्रतिकृती करवायला घेतल्या. प्रमाण साधारण 1 : 600. म्हणजे सहाशे मीटरचा प्रदेश एका मीटरमध्ये. त्या नुसत्या शोभेच्या नव्हत्या. शत्रूची तोफ कुठल्या टेकडीवरून कुठल्या बुरुजावर मारा करू शकेल हे राजाने पॅरिसमध्ये बसून पाहावे, हा हेतू होता. त्यामुळे टेकडीची उंची चुकली तर सगळेच चुकले.

या प्रतिकृतींची जमीन लाकडाची. मोठी शहरे एका तुकड्यात हलवता येणार नाहीत म्हणून ती अनेक टेबलांत विभागलेली आणि टेबले एकमेकांना जोडून पूर्ण शहर होई. घरे लाकडी ठोकळ्यांची, त्यांवर रंगवलेला कागद. शेतांसाठी रेती आणि रेशमाचा बारीक चुरा, झाडांना तार आणि रेशीम. यातल्या कित्येक प्रतिकृती आज पॅरिसच्या एंव्हालीद वास्तूतल्या संग्रहालयात आहेत. साडेतीनशे वर्षांनीही त्या पाहता येतात, कारण त्या टिकाव्यात, जोडता-सोडता याव्यात आणि हलवता याव्यात हे आधी ठरवून सामान निवडले होते.

दुसरे उदाहरण विल्यम सायबर्न या इंग्रज अधिकाऱ्याचे. वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करायचे काम त्याने 1830 मध्ये घेतले. सैनिक ओतण्याआधी तो रणभूमीवरच्या एका शेतघरात सुमारे आठ महिने मुक्काम ठोकून बसला आणि जमिनीची मोजणी केली. कुठे चढ आहे, कुठे खोलगट रस्ता आहे, कुठल्या शेतात कुठले पीक होते, हे त्याने टिपले. 1838 मध्ये लंडनमध्ये प्रतिकृती लोकांपुढे आली तेव्हा तिच्यावर कथील-शिशाचे सत्तर हजारांहून अधिक सैनिक होते. ती आज लंडनच्या राष्ट्रीय सैन्य संग्रहालयात आहे. लोक सैनिक मोजतात. पण लढाई तशी का झाली हे त्या प्रतिकृतीत कळते ते आठ महिन्यांच्या मोजणीमुळे.

पुण्याची माती, काशीचा संगमरवर

आपल्या देशातले एक उदाहरण तर थेट मराठी अंगणातून निघालेले आहे. काशीचे देशभक्त बाबू शिवप्रसाद गुप्त 1913 च्या कराची काँग्रेसहून परतताना मुंबईमार्गे पुण्याला गेले. तिथे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या विधवांसाठीच्या आश्रमात त्यांनी जमिनीवर मातीचा केलेला भारताचा उठावाचा नकाशा पाहिला. पर्वत उंच, नद्या खोल, असा. तो त्यांच्या मनात बसला. तसाच नकाशा कायमचा टिकेल असा करायचे त्यांनी ठरवले आणि त्यासाठी मकराण्याचा संगमरवर निवडला. काशीच्या भारतमाता मंदिराचे उद्घाटन 1936 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते झाले. त्या देवळात मूर्ती नाही, अखंड भारताचा तो संगमरवरी नकाशा आहे.

त्या नकाशात एक गोष्ट आमच्या कामाची आहे. आडवे प्रमाण 1 इंचाला 6.4 मैल आणि उभे प्रमाण 1 इंचाला 2,000 फूट असे ठेवले आहे. म्हणजे उंची आडव्या मापाच्या मानाने सुमारे सतरा पट वाढवलेली आहे. तसे केले नसते तर एव्हरेस्ट एक इंचाहूनही कमी उंचीचे झाले असते आणि हिमालय डोळ्यांना जाणवलाच नसता. आपल्या किल्ल्यांतही पोरे डोंगर उंच करतात आणि मोठी माणसे हसतात. पण आठ-दहा फुटांवरून पाहणाऱ्याला चढ जाणवायचा असेल तर उंची थोडी वाढवावीच लागते. किती वाढवली हे पाटीवर लिहिले की झाले.

पुण्याच्या आश्रमातली माती आणि काशीचा संगमरवर यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्नच गैर आहे. काशीला पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी वस्तू हवी होती, म्हणून दगड. आश्रमात हाताशी असलेल्या सामानातून मुलींना देश समजावा एवढेच हवे होते, म्हणून माती. किती दिवस टिकायला हवे, हे ठरले की निम्मे सामान आपोआप ठरते.

चालती जमीन

इंदुरात या विषयाला एक वेगळी जोड मिळाली, ती अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांची. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण या कापड गिरण्यांच्या कामगारांनी जवळपास शंभर वर्षे ही परंपरा चालवली. आपला देखावा सभागृहात स्थिर असतो. झाँकी रात्रभर रस्त्यावर चालते. तिच्या जमिनीला खड्ड्यांचे हादरे सोसावे लागतात, भाद्रपदातला पाऊस सोसावा लागतो आणि वर दिव्यांची उष्णता. तिथे ओल्या मातीचा उपयोग नाही. लोखंडाचा किंवा लाकडाचा सांगाडा, त्यावर बांबूच्या कामट्या, गोणपाट किंवा कापड आणि वर लगद्याचा किंवा प्लास्टरचा हात, ही हलक्या पोकळ डोंगराची पद्धत अशा कामाला योग्य.

हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली, इतरही गिरण्या बंद झाल्या. कामगारांची थकलेली देणी अनेक वर्षे कोर्टात अडकली, तरी झाँक्या निघत राहिल्या. ज्यांची नोकरी गेली त्यांनीही अनंत चतुर्दशीची रात्र सोडली नाही, ही गोष्ट इंदूरकराला वेगळी सांगायला नको.

प्लास्टरबद्दल थोडे सांगायला हवे. जिप्समचा दगड सुमारे दीडशे अंशांवर भाजला की त्यातले बरेचसे पाणी उडते आणि पांढरी भुकटी राहते, तेच प्लास्टर ऑफ पॅरिस. पाणी घातले की काही मिनिटांत ते पुन्हा दगड होते. गोणपाट त्यात बुडवून सांगाड्यावर टाकले की तासाभरात गुहा तयार. सोय मोठी, पण नंतर ते पाण्यात विरघळत नाही, मातीत मिसळत नाही आणि दुसऱ्यांदा भिजवून वापरता येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 च्या सुधारित सूचनांत मूर्तींसाठी ते नाकारले. ज्या कारणाने मूर्तीला नको, त्याच कारणाने डोंगरालाही नको.

थर्मोकोलची वर्षे

मग थर्मोकोल आले. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मखरापासून डोंगरापर्यंत सगळे त्याचे होऊ लागले. त्याला नावे ठेवणे आज सोपे आहे, पण ते का आवडले हे समजून घ्यावे. त्यात जवळजवळ सगळी हवाच असते. तापलेल्या तारेने लोण्यासारखे कापले जाते. साधा हिशेब करू. आठ फूट बाय चार फुटांच्या फळीवर सरासरी सहा इंच जाडीचा भरीव डोंगर धरला तर 16 घनफूट भरतात. ओली माती घनफुटाला साधारण 45 किलो धरली तर 720 किलो झाले. तेवढ्याच आकाराचे थर्मोकोल दहा किलोही भरत नाही. सभागृहाचे रंगमंच आणि घडीची टेबले आली तेव्हा 720 किलो उचलायचे कोणी?

तोटे हळूहळू कळले. ऑइल पेंट किंवा थिनर लागला की ते विरघळून खड्डा पडतो. हॅलोजनच्या जवळ वितळते आणि पेटले तर काळा धूर सोडत वेगाने जळते. कापताना उडणारे दाणे नाल्यात जातात आणि तिथेच राहतात. महाराष्ट्राने 2018 मध्ये प्लॅस्टिकबरोबर त्यावरही बंदी घातली. पुढे 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवर देशभर बंदी आली, तिच्या यादीत सजावटीचे थर्मोकोल स्पष्टपणे आहे. त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न आता आवडीचा उरलेला नाही.

आमच्या मते थर्मोकोलने आणखी एक गोष्ट नेली. माती कालवायला दहा हात लागत आणि त्यांतले सहा पोरांचे असत. तापलेली तार मुलांच्या हाती देता येत नाही. एक कापणारा कापतो, बाकीचे बघतात. मुले देखाव्यापासून लांब गेली त्याला शिकवण्या कारण आहेतच, पण त्यांच्या हाताला काम उरले नाही हेही कारण आहे.

आता जमीन कशाची?

सामान निवडताना आम्ही तीन प्रश्न विचारतो. किती दिवस टिकायला हवे? कोण उचलणार? उत्सवानंतर ते कुठे जाणार? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच सामानात सापडत नाही, म्हणून जमिनीचे तीन भाग करावेत.

पहिला भाग खालची फळी. आठ बाय चारचा एक तुकडा करण्यापेक्षा चार बाय दोनचे चार करावेत, फ्रान्सच्या टेबलांसारखे. पाऊण इंची प्लाय, खालून लाकडी पट्ट्यांची चौकट, म्हणजे फळी वाकणार नाही. बोल्टने जोडता येतील अशी भोके ठेवावीत. ओलीने प्लाय फुगते, म्हणून वर जुना फ्लेक्स ताणून लावावा. हा भाग दरवर्षी तोच. एकदाच खर्च.

दुसरा भाग डोंगराचा आकार. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1 : 50,000 नकाशावर दर 20 मीटरला समोच्च रेषा असते. 1 : 500 प्रमाण धरले तर 20 मीटर म्हणजे 4 सेंटीमीटर, आणि आपल्या फळीवर सुमारे 1,200 मीटर बाय 600 मीटरचा प्रदेश बसतो. प्रत्येक रेषेच्या आकाराचा पुठ्ठा कापायचा आणि खाली चार सेंटीमीटर उंचीचे पुठ्ठ्याचे आडवे-उभे टेकू लावत चढवत जायचे. दुकानातली जुनी खोकी फुकट मिळतात. सह्याद्री मुळातच पायऱ्यांचा, त्यामुळे कड्यांच्या जागी पायरी तशीच ठेवली तरी चालते. जिथे उतार हवा तिथे बारीक तारेची जाळी किंवा गोणपाट ताणावे.

त्यावर कागदाचा लगदा. वर्तमानपत्रे दोन दिवस भिजवून कुटायची, मैद्याची खळ घालायची आणि भिजवलेली मेथी वाटून मिसळायची. जुन्या घरांत सुपे आणि टोपल्या अशाच लिंपत. मेथीने लगदा चिकट होतो आणि किडीलाही तो आवडत नाही. थर पाव इंचाहून जाड नको, नाहीतर आतून सुकत नाही आणि बुरशी धरते. पावसाळी हवेत एका थराला दोन-तीन दिवस द्यावेत. म्हणून काम श्रावणाच्या सुरुवातीला घ्यायला हवे, हरतालिकेच्या आदल्या रात्री नव्हे. असा पोकळ डोंगर चार माणसे सहज उचलतात.

तिसरा भाग वरचे कातडे, आणि ते मातीचेच असावे. चाळलेली काळी माती, मुरूम, भुसा आणि थोडी खळ. जाडी दोन-तीन मिलीमीटर, एवढ्या पातळ थराला मोठी भेग पडत नाही. खडकाच्या रंगाला कोळशाची पूड, वाटांना पिवळी माती, तांबड्या जागी गेरू. उत्सवानंतर हे कातडे ओले करून खरवडले की बागेत जाते, लगदा आणि पुठ्ठा खतात जातो, आणि फळ्या भांडारात परत जातात.

या सगळ्यात बाजारातून आणायचे सामान थोडे आहे आणि हात पुष्कळ लागतात. पुठ्ठ्यावर रेषा गिरवणे, कागद फाडणे, लगदा कुटणे, माती चाळणे ही कामे आठ वर्षांच्या मुलालाही जमतात आणि सत्तरीच्या आजींनाही. नकाशावरची रेषा बोटाने गिरवून चार सेंटीमीटरची पायरी चढवणाऱ्या मुलाला गडावर चढणे किती अवघड होते हे वेगळे सांगावे लागत नाही. इथे वाढलेल्या, सह्याद्री न पाहिलेल्या आपल्या मुलांसाठी हे भाड्याच्या देखाव्यातून होणार नाही. तयार डोंगर ट्रकमधून येतो आणि ट्रकमधून जातो. तो कोणत्या गडाचा हे विचारायचीही गरज पडत नाही.

म्हणून पुढल्या सभेसाठी आमची सूचना अशी. दिवे, पडदे, आवाजाची यंत्रणा खुशाल भाड्याने आणावी, त्यात कमीपणा नाही. जमीन मात्र आपल्या हातची असावी. चार फळ्यांचा खर्च एका वर्षाचा आहे. प्रत्येक फळी चार-पाच कुटुंबांनी वाटून घ्यावी आणि घरी करून आणावी, म्हणजे रोज सभागृहात जमायची अडचणही सुटते. कडा जुळाव्यात म्हणून मधल्या रेषांचे कागदी साचे आम्ही काढून देऊ. आणि या दिवाळीत सभागृहाच्या मागच्या मोकळ्या जागेत मुलांसाठी काळी माती, मुरूम आणि गोणपाट टाकून ठेवायची व्यवस्था व्हावी. चाळणी आणि फावडी आम्ही आणतो.

गणपती बाप्पा मोरया!